हजेरीपटातून निसटलेला विद्यार्थी

दौंड-मनमाड लोहमार्गावर, गोदावरीच्या काठाला पुणतांबा हे गाव आहे. अलीकडच्या पिढीला हे नाव दोन कारणांनी ठाऊक झाले. २००९ साली शिर्डीचा रेल्वेफाटा येथून सुरू झाला, आणि १ जून २०१७ रोजी शेतकऱ्यांच्या संपाची ठिणगी याच गावात पडली. जुन्या माणसांना मात्र पुणतांबा म्हटले की चांगदेव महाराजांची समाधी आठवते. त्या समाधीकडे आपण पुढे येणारच आहोत. त्याआधी या लोहमार्गाच्या कडेकडेने एका कॉलेज विद्यार्थ्याचा माग काढायचा आहे. शिर्डी, साकोरी, राहुरी आणि नगरच्या दक्षिणेचे अरणगाव ही त्याच्या आयुष्यातली मोठी ठिकाणे. ती सारी या मार्गावर किंवा त्याच्या जवळपास येतात.

हा विद्यार्थी पुण्याच्या डेक्कन कॉलेजचा. १९१४ च्या जानेवारीत तो अचानक हरवला. शरीराने घरातच होता, पण मनाने कोठे होता हे कोणालाच कळेना. त्याचे कॉलेज सुटले आणि मग पुन्हा कधीही सुरू झाले नाही. पुढे हाच मुलगा मेहेरबाबा या नावाने जगभर ओळखला गेला. अरणगावच्या त्यांच्या समाधीवर दर वर्षी ३१ जानेवारीला देशोदेशींचे लोक गोळा होतात. मेहेरबाबांवर ग्रंथ पुष्कळ आहेत. त्यांच्या अवतारकार्याबद्दल अधिकाराने लिहिणारे भक्तही पुष्कळ आहेत. प्रस्तुत लेखाचा विषय तो नाही. मला येथे त्यांच्यातला विद्यार्थी पाहायचा आहे. वीस वर्षांचा, टर्म चालू असताना ज्याचे मन जागेवरून ढळले तो मुलगा. म्हणून या लेखात त्याला त्याच्या घरच्या नावाने, मेरवान म्हणूनच संबोधतो.

मेरवान शेरियार इराणी याचा जन्म २५ फेब्रुवारी १८९४ चा, पुण्याच्या ससून रुग्णालयातला. वडील शेरियारजी मूळचे इराणातले जरथुष्ट्री. तरुणपणी परमेश्वराच्या शोधात त्यांनी वर्षानुवर्षे फकिरासारखी भटकंती केली होती. अखेर पुण्यात स्थिरावले, लग्न केले, लहानमोठे व्यवसाय केले. आई शिरीनबाई वयाने त्यांच्यापेक्षा पुष्कळ लहान, व्यवहाराला पक्क्या. घर पुणे कॅम्पातले. कानावर फारसी, गुजराती, मराठी, हिंदुस्थानी आणि शाळेत इंग्रजी, अशा पाच भाषांत हा मुलगा वाढला. सेंट व्हिन्सेंट शाळेतून १९११ साली तो मॅट्रिक झाला आणि डेक्कन कॉलेजात दाखल झाला.

त्या काळी मॅट्रिक होऊन कॉलेजात जाणे ही घराण्याची प्रतिष्ठा होती. डेक्कन कॉलेज तर टिळक-आगरकरांचे कॉलेज. येरवड्याच्या बाजूला, नदीपलीकडे. मेरवान तेथे सायकलने जाई. तो एकलकोंडा नव्हता, हे येथे नमूद केले पाहिजे. त्याला खेळांची हौस होती, गाण्याचा गळा होता, हाफिजच्या फारसी काव्याचे वेड होते. शेक्सपिअर आणि शेली तो आवडीने वाची. हुमा या टोपणनावाने त्याच्या कविता सांज वर्तमान या पत्रात येत. मित्रांना घेऊन त्याने कॉस्मॉपॉलिटन क्लब नावाचे मंडळ काढले होते. त्यात कोणत्याही जातिधर्माच्या मुलाला प्रवेश होता. चार जणांत उठून दिसणारा, हसरा, पुढाकार घेणारा मुलगा. अशा मुलाचे काही बिघडेल असे घरच्यांच्या स्वप्नातही येत नाही. बिघडते ते घुम्या मुलांचे, अशी आपली एक समजूत असते. ती खरी नाही.

कॉलेजच्या वाटेवर कॅम्पात चार बावडी भागात एका कडुनिंबाखाली हजरत बाबाजान नावाची अतिवृद्ध मुस्लिम साध्वी बसत असे. फाटके कपडे, वर आकाश, खाली जमीन. कोणी तिला वली मानत, कोणी वेडी म्हातारी म्हणत. १९१३ च्या मे महिन्यात मेरवान सायकलवरून जात असताना तिने त्याला खुणेने बोलावले आणि मिठीत घेतले. त्या दिवसापासून तो रोज रात्री तिच्यापाशी जाऊन बसू लागला. फारसे बोलणे होत नसे. १९१४ च्या जानेवारीतल्या एका रात्री तिने त्याच्या कपाळाचे चुंबन घेतले. मुलगा घरी आला, अंथरुणावर पडला, आणि दुसऱ्या दिवशी उठला नाही.

आईने पाहिले तेव्हा डोळे उघडे होते, पण त्यांत ओळख नव्हती. बोलणे बंद. तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी हालचाल सुरू झाली, पण ती यंत्रासारखी. पुढचे सुमारे नऊ महिने असेच गेले. झोप नाही, भूक नाही. पुढ्यात ठेवलेले अन्न तो कुत्र्यांना नाही तर भिकाऱ्यांना देऊन टाकी. तासन्‌तास एका जागी बसून राही, नाही तर दिशाहीन चालत सुटे. मित्र आले तर त्यांना ओळख देईना. ज्या हाफिजवर जीव ओवाळायचा, ते पुस्तक उघडावेसे त्याला वाटेना.

भक्तमंडळींच्या दृष्टीने ही साक्षात्काराची अवस्था होती. मेहेरबाबांनी स्वतःही पुढे तिचा अर्थ तसाच सांगितला. डॉक्टरांच्या दृष्टीने हा मेंदूचा किंवा मनाचा बिघाड होता, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या दृष्टीने शेरियारजींचा मुलगा वेडा झाला होता. या तीन अर्थांपैकी खरा कोणता, याचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही. तशी इच्छाही नाही. मला महत्त्वाचे वाटते ते असे, की हे अर्थ लागण्याच्या आधी, त्या नऊ महिन्यांत, त्या घरात अर्थ कोणताच नव्हता. होता तो फक्त एक न जेवणारा, न झोपणारा मुलगा आणि त्याच्यासमोर ताट घेऊन बसलेली आई. आजही ज्या घरात असे घडते तेथे पहिले कित्येक महिने याहून वेगळे काही नसते.

शिरीनबाईंनी काय केले? जे कोणतीही शहाणी आई करील तेच. आधी डॉक्टर बोलावला. झोपेची औषधे दिली गेली, इंजेक्शने झाली. गुण येईना तेव्हा हवापालटासाठी मुलाला मुंबईला पाठवले. त्या बाबाजानकडे जाऊन तिला जाबही विचारून आल्या. मुलाची ही दशा कोणी केली, याचा राग त्यांच्या मनातून दीर्घकाळ गेला नाही. शेरियारजी मात्र शांत राहिले. आयुष्याचा मोठा भाग त्यांनी स्वतः असाच रानोमाळ घालवला होता. मुलाचे काय चालले आहे याची काही तरी कल्पना त्यांना असावी. आई लढणारी आणि बाप थांबणारा. दोघांच्या स्वभावांची ती ओढाताण घराला सोपी गेली नसणार. पण त्या ओढाताणीतही एक गोष्ट घडली नाही. मुलाला कोणी घराबाहेर काढले नाही, कोंडून ठेवले नाही, आणि वेड्यांच्या इस्पितळातही धाडले नाही.

१९१४ साली वैद्यकशास्त्राच्या हाती फारसे काही नव्हते, हेही लक्षात घेतले पाहिजे. मनाच्या तीव्र आजारांवर उपयोगी पडणारे लिथियम १९४९ साली आणि क्लोरप्रोमाझिन १९५२ साली आले. तोपर्यंत झोप आणणे, बांधून ठेवणे किंवा वाट पाहणे, एवढेच उपाय होते. शिरीनबाईंच्या डॉक्टरांनी झोपेची सुई टोचली ती काही अज्ञानाने नव्हे. तेव्हा तेवढेच होते.

आणि कॉलेज? कॉलेजच्या दप्तरात आजारी मनासाठी रकानाच नव्हता. मुलगा वर्गात असतो किंवा नसतो. परीक्षेला बसतो किंवा बसत नाही. हजेरीपटावर गैरहजेरीची फुली पडते. ती ताप आल्याने पडली, टवाळी केल्याने पडली की मन अंधारल्याने पडली, हे त्या फुलीवरून समजत नाही. याचा दोष त्या काळच्या कॉलेजला देण्यात अर्थ नाही, कारण पुढची शंभर वर्षे आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांतही तो रकाना उघडला गेला नाही.

आज हे चित्र आपण दुसऱ्या शब्दांत पाहतो. मुलाला एटीकेटी लागते, मग वर्ष जाते, मग तो परीक्षेचा फॉर्मच भरत नाही. घरी समजते तेव्हा दोन सत्रे उलटून गेलेली असतात. बाप म्हणतो, मोबाइलचे वेड. आई म्हणते, संगत वाईट. मुलगा काहीच म्हणत नाही. मनाचे पुष्कळसे गंभीर आजार नेमके सतरा-अठरा ते चोवीस-पंचवीस या वयात प्रथम डोके वर काढतात, आणि घसरलेले गुण हे बऱ्याचदा त्यांचे पहिले बाह्य लक्षण असते. ज्याचे चित्त एका ओळीवर ठरत नाही, तो पाचशे पानांचे पुस्तक कसे वाचणार? पण ताप मोजायला थर्मामीटर असतो. हे मोजायला आपण गुणपत्रिका वापरतो, आणि गुणपत्रिका रोग दाखवत नाही. फक्त आळशीपणाचा शिक्का मारते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ साली देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा आपल्या महाराष्ट्राचा होता. या आकड्यापुढे शिक्षणातल्या पुढारलेपणाचा आपला अभिमान जरा आवरावा लागतो.

मेरवानकडे परत येऊ. १९१४ च्या नोव्हेंबरात त्याचे भान थोडेथोडे परतू लागले. येथून पुढचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि चरित्रांत तो बहुधा दोन पानांत उरकलेला असतो. लोकांना चमत्काराची रात्र वाचायची असते. परतीची सात वर्षे कोणाला वाचायची असतात?

परत येताना त्याने पहिली गोष्ट कोणती केली असेल? १९१५ साली बेहरामजी नावाच्या एका इराणी तरुणाला तो फारसी शिकवू लागला. ज्याचे स्वतःचे शिक्षण सुटले होते तो दुसऱ्याला शिकवायला बसला. कॉलेजातली सारी विद्या एका बाजूला राहिली, आणि हाती लागली ती घरात वडिलांकडून कानावर पडलेली भाषा. मन सावरताना माणूस नव्या गोष्टी पेलू शकत नाही; जे अगदी हाडांत मुरलेले असते त्याच्याच आधाराने तो उठतो. कोणी स्वयंपाकाला लागते, कोणी बागेला पाणी घालू लागते. घरच्यांना वाटते, अभ्यास सोडून हे काय चालवले आहे? पण तोच अभ्यास असतो.

त्याच वर्षी तो भटकू लागला. केडगावचे नारायण महाराज, नागपूरचे ताजुद्दीनबाबा, अशी एकेक ठिकाणे करीत तो डिसेंबर १९१५ मध्ये शिर्डीला पोहोचला. साईबाबा तेव्हा हयात होते. तेथून जवळच खंडोबाच्या देवळात काशिनाथ गोविंद उपासनी नावाचे गृहस्थ राहत होते. उपवासाने नुसता हाडांचा सापळा झालेला देह.

या उपासनींची कहाणी आपल्या विषयाला फार जवळची आहे. नाशिक जिल्ह्यातल्या सटाण्याचे हे घराणे शास्त्री-पंडितांचे. काशिनाथला मात्र शाळा कधी रुचली नाही. पोरवयातच तो पुन्हा पुन्हा घर सोडून गेला. विद्वान घराण्यातला नापास मुलगा. पुढे आयुर्वेद शिकून अमरावतीत त्यांनी वैद्यकी नावारूपाला आणली, वैद्यकावर मासिक काढले; मग ग्वाल्हेरकडच्या जमिनीच्या व्यवहारात सारे गमावले. शरीर आणि मन दोन्ही खचलेल्या अवस्थेत १९११ साली ते शिर्डीला आले. साईबाबांनी त्यांना त्या देवळात बसून राहायला सांगितले. विंचू-सापांच्या सोबतीने ते तेथे राहिले. गावातले पुष्कळ लोक त्यांना वेडा समजत. पोरे दगड मारीत.

अशा माणसासमोर मेरवान येऊन उभा राहिला. उपासनींनी एक दगड उचलला आणि त्याच्या कपाळावर मारला. जेथे बाबाजानने ओठ टेकले होते, नेमक्या त्या जागी. भक्त सांगतात की त्या आघाताने त्याचे जगाचे भान परतायला आरंभ झाला. आपण या घटनेकडे एवढ्यापुरतेच पाहू, की त्या मुलाला प्रथमच असा एक माणूस भेटला जो स्वतः त्या दरीत उतरून आला होता. ज्याला वेडा म्हटले गेले होते त्यालाच या मुलाची अवस्था परकी वाटली नाही. पुढची सहा वर्षे मेरवान त्यांच्याकडे जात-येत राहिला. उपासनी १९१७ पासून साकोरीला राहू लागले, तेव्हा या वाऱ्या साकोरीला होऊ लागल्या. पुणतांब्याच्या नगरकडच्या बाजूला चितळीचे स्टेशन लागते. साकोरीला जाणारी मंडळी तेथे उतरत.

एरवीचा वेळ त्याचा पुण्यात कसा जाई? वडिलांच्या ताडीच्या दुकानात. तेथे तो बाटल्या धुई, झाडलोट करी, गिऱ्हाईक पाही, आणि गिऱ्हाइकांना कमी पिण्याचा सल्लाही देई. मध्यंतरी १९१६ साली एका पारशी नाटक कंपनीत व्यवस्थापकाचे काम केले, तेही टिकले नाही. डेक्कन कॉलेजचा विद्यार्थी ताडीच्या गुत्त्यात बाटल्या धुतो, हे पाहून कॅम्पातल्या लोकांनी काय काय म्हटले असेल याची कल्पना करता येते. रात्री तो एकांतात दगडावर कपाळ आपटून घेई. त्या वेदनेने मन देहाशी बांधलेले राहते, असे पुढे त्यांनीच समजावले. जखमा दिसू नयेत म्हणून कपाळाला रुमाल बांधी. घरच्यांना कित्येक दिवस पत्ता नव्हता. आपल्या घरातल्या पूर्ण बाह्यांच्या शर्टाखाली काय दडले आहे हे आजच्या पालकांनाही कित्येकदा असेच उशिरा कळते.

१९२१ च्या जुलैत तो साकोरीला जाऊन सहा महिने राहिला. तेथून निघाला तेव्हा तो पूर्ण भानावर आलेला, माणसांत मिसळणारा, कामाला वाघ असा तरुण होता. १९१४ ते १९२१. बरोबर सात वर्षे.

हा सातचा आकडा वाचताना माझ्यातला जुना बँक अधिकारी जागा होतो. आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली शैक्षणिक श्रेयांकांची बँक सुरू केली. विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक त्यात जमा राहतात. मध्येच शिक्षण सुटले तर ते बुडत नाहीत. परत आल्यावर तेथून पुढे चालू करता येते. ही ठेव जास्तीत जास्त सात वर्षे टिकते. नियम करणाऱ्यांच्या मनात अर्थातच मेरवान इराणी नसणार. पण कोलमडलेल्या विद्यार्थ्याला उभे राहायला किती अवधी द्यावा, याचे इतके चपखल माप योगायोगानेच सापडावे, ही गंमत आहे. बँकेत दोन वर्षे व्यवहार झाला नाही तर खाते निष्क्रिय ठरते. खातेदार घाबरतो, पैसे गेले म्हणून. पण पैसे जात नाहीत. ओळख पटवून, कागदपत्रे देऊन खाते पुन्हा चालू करता येते, आणि शिल्लक जागच्या जागी असते. निष्क्रिय म्हणजे बंद नव्हे, हे काउंटरवर समजावून सांगावे लागते. घरातही समजावून सांगावे लागते.

येथे एक धोका आहे, तो स्पष्ट शब्दांत सांगितला पाहिजे. मेरवान पुढे मेहेरबाबा झाला, म्हणून आपल्या मुलाचे न जेवणे-न झोपणे हीही काही दैवी खूण असेल, असे कोणी मानू नये. डॉक्टर टाळून एखाद्या बुवाचा अंगारा आणायला ही कथा आधार देत नाही. शिरीनबाईसुद्धा प्रथम डॉक्टरकडेच गेल्या होत्या, तेही डॉक्टरकडे जवळजवळ काही नव्हते त्या काळात. आज औषधे आहेत, मानसोपचार आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा हक्क मानला आहे. १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानस सेवा रात्रंदिवस फुकट बोलायला तयार आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना समुपदेशक नेमण्याचे निर्देश दिले. जे शिरीनबाईंना मिळाले नाही ते आपल्या दाराशी आहे. ते न घेता चमत्काराची वाट पाहणे हा भाबडेपणा नव्हे, तो मुलावर अन्याय आहे.

दुसरा धोका उलट बाजूचा. मेहेरबाबा झाले म्हणून त्यांची सात वर्षे सार्थकी लागली, नाही तर ती वायाच होती, असाही हिशेब कोणी करू नये. समजा, मेरवान पुढे ताडीच्या दुकानातच राहिला असता, किंवा कोठे तरी फारसीचा मास्तर झाला असता, तरी त्याला सांभाळणे चुकले असते काय? परत आलेली बहुतेक मुले साधीच माणसे होतात. कारकून होतात, दुकान चालवतात, तिशीत पदवी घेतात किंवा घेतच नाहीत. संध्याकाळी घरी येऊन जेवतात आणि झोपतात. ज्या आईने नऊ महिने हे पाहिलेले नसते, तिला विचारा की पोटभर जेवून झोपणे ही केवढी मोठी पदवी आहे.

यानंतरचा मेहेरबाबांचा जीवनपट बहुतेकांना ठाऊक आहे. १९२३ मध्ये अरणगावला ते आले आणि मेहेराबाद उभे राहिले. दौंड-मनमाड मार्गाचे रूळ त्या वसाहतीच्या मधूनच जातात. १९२५ मध्ये तेथे त्यांनी हजरत बाबाजानच्या नावाने शाळा काढली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरांतली मुलेही तीत इतरांबरोबर शिकत. ज्याचे कॉलेज सुटले त्याने शाळा काढावी आणि तिला त्या कडुनिंबाखालच्या म्हातारीचे नाव द्यावे, यात बरेच काही आले. त्याच वर्षी १० जुलैला त्यांनी मौन धरले, ते ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवीपर्यंत सोडले नाही. त्रेचाळीस वर्षांहून अधिक काळ आधी अक्षरफलकावर बोट ठेवून आणि पुढे हाताच्या खुणांनी त्यांनी संवाद केला. साठच्या दशकात अमेरिकेतली कॉलेजातली मुले नशेच्या गोळ्यांतून देव शोधू लागली, तेव्हा ही वाट शरीराला, मनाला आणि आत्म्याला घातक आहे असे त्यांनी निक्षून कळवले. अनुभूतीच्या नावाखाली मनाशी खेळ करू नये, हे सांगायला त्यांच्याइतका अधिकारी माणूस दुसरा कोण होता?

परंतु मला त्यांच्या आयुष्यातले एक पान सर्वांत जवळचे वाटते. ते राहुरीचे आहे. १९३६ साली त्यांनी राहुरीला वेड्यांसाठी आश्रम काढला. त्यात दोन प्रकारचे लोक होते. काही ईश्वराच्या ओढीने भान हरपलेले, ज्यांना ते मस्त म्हणत. आणि काही नुसते वेडे, रस्त्यावरून उचलून आणलेले, ज्यांना कोणीच उरले नव्हते. दोहोंतला फरक ते जाणत होते. डॉ. विल्यम डंकिन या त्यांच्या इंग्रज शिष्याने १९४८ साली या कामाचा मोठा ग्रंथ लिहिला, त्यातही हा भेद काटेकोरपणे केला आहे. पण आश्रमातल्या सेवेत तो भेद नव्हता. बाबा स्वतः त्या सर्वांना अंघोळ घालीत, त्यांचे केस कापीत, दाढी करीत, जेवू घालीत. तोवर ते युरोप-अमेरिका पाहून आले होते. परदेशी शिष्यांची रीघ लागलेली होती. तरी राहुरीत ते रोज बादली आणि साबण घेऊन उभे राहत.

बावीस वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका घरात एक मुलगा उघड्या डोळ्यांनी पडून होता, आणि त्याची आई त्याला खाऊ घालायला धडपडत होती. राहुरीतले ते काम पाहताना वाटते, की त्या आईचे ऋण असे फेडले जात असावे. ज्याला परत यायला कोणीतरी हवे असते, तो परत आल्यावर दुसऱ्याच्या परतीसाठी उभा राहतो. सगळेच राहत नाहीत. पण जे राहतात, त्यांना या कामातले जे कळते ते पुस्तकातून कळणारे नाही.

त्यांच्या कॉलेजची गोष्टही थोडक्यात सांगण्याजोगी आहे. १९३४ साली डेक्कन कॉलेजच बंद पडले. पाच वर्षे तेथे वर्ग भरले नाहीत. १९३९ साली ते पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झाले आणि इतिहास, पुरातत्त्व, भाषाशास्त्रात त्याने मोठे नाव मिळवले. कॉलेजलाही एकदा खंड पडला, आणि खंडानंतर ते जुन्या रूपात नव्हे, तर वेगळ्याच रूपात उभे राहिले. संस्थेच्या बाबतीत आपण याला पुनरुज्जीवन म्हणतो. विद्यार्थ्याच्या बाबतीत मात्र इयर डाऊन म्हणतो.

आता पुणतांब्याच्या समाधीपाशी येऊ. चांगदेवांची कथा महाराष्ट्रात लहान मुलांनाही माहीत आहे. चौदाशे वर्षे जगलेला, सर्व विद्या आणि सिद्धी जमवलेला हा योगी. ज्ञानेश्वरांची कीर्ती ऐकून त्यांना पत्र लिहायला बसला. मायना काय लिहावा, वडीलकीचा की धाकुटेपणाचा, हे त्याला ठरवता येईना. अखेर कागद कोराच पाठवला. आळंदीला तो कागद पोहोचला तेव्हा मुक्ताबाईंनी त्याची थट्टा केली. पण ज्ञानेश्वरांनी त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचे उत्तर पाठवले.

कथेचा अर्थ सांगणारे चांगदेवाच्या कोरेपणावर बोलतात. मला नेहमी उत्तर देणाऱ्याचे नवल वाटते. कोरी उत्तरपत्रिका हाती आली की आपण शून्य लिहितो आणि पुढची उचलतो. ज्ञानेश्वरांनी तो कागद लिहिणाऱ्याच्या अडचणीसकट वाचला. काहीच न लिहिणाऱ्या माणसालाही काही सांगायचे असते, एवढे त्यांनी गृहीत धरले. ज्या घरात एखादा मुलगा परीक्षेतून कोरा कागद देऊन उठून आला आहे, त्या घराला पासष्ट ओव्या लिहिता येणार नाहीत. पण शून्य लिहिण्याची घाई टाळता येईल. त्याच्याजवळ बसता येईल, डॉक्टरांकडे नेता येईल, कॉलेजला पत्र घालून त्याची जागा राखून ठेवायला सांगता येईल.

आणि परंपरा असे सांगते, की एवढ्या वयाचा, एवढ्या मानाचा चांगदेव पुढे त्याच मुक्ताबाईंचा शिष्य झाला. मुक्ताबाई तेव्हा अल्पवयीन मुलगी होत्या. त्यांच्यापुढे बसून त्याने पहिल्यापासून शिकायला सुरुवात केली. गोदावरीच्या काठी पुणतांब्याला जी समाधी आहे ती या उशिरा नाव नोंदवलेल्या विद्यार्थ्याची आहे.